तीन तिकिटं काढून ठेवा

सूस, ता. मुळशी, जि. पुणे
रविवार, रात्र

तीर्थरूप मामा यांस,


परवा फोनवर बोलता बोलता तुम्ही एकदम गप्प झालात. तुमच्या मागच्या खिडकीतून मोठ्ठा आवाज आला, माणसांचा. मी म्हटलं, "मामा, गोल झाला!" तर तुम्ही माझ्यावरच खेकसलात, "गप ए, अजून झाला न्हाई." मग जवळजवळ अर्धा मिनिट मोबाइलमधल्या कॉमेंट्रीवाल्याची बडबड, मामीच्या भांड्यांचा आवाज, आणि मग तुम्ही एकटेच खोलीत ओरडलात, "ग्वाल!"

फोन ठेवून मी पोट धरून हसले. रात्री पडल्यावर मात्र ते हसू जरा कडू झालं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमपासून तुमचं घर हाकेच्या अंतरावर. गोल तिथे झाला, आरोळी भिंत ओलांडून तुमच्या खिडकीपर्यंत आली, आणि तुम्ही यूट्यूबचं चित्र मागून येईल म्हणून डोळे लावून बसलात. चाळीस वर्षं एकाच पायरीवर बसलेला माणूस घरात बसून सामना बघतो, तोही अर्धा मिनिट शिळा.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं. हे मी छापायलाही देणार आहे, तेव्हा आपल्या तालमीचं नाव यात मुद्दाम घालत नाही. घातलं तर निम्मं कोल्हापूर हे पान इथेच फाडेल. शिवाय फोन ठेवताना तुम्ही जो टोला हाणलात, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. "तुमच्या पुण्यात एक टीम धड टिकत न्हाई. पैसा हाय, मैदान हाय, माणसं ढिगानं हाईत. मग दुखतंय कुठं?"

सांगते.

आधी पाकिटावरच्या पत्त्याचं. सूस 30 जून 2021 ला पुणे महापालिकेत गेलं. म्हाळुंगे, बावधन बुद्रुक धरून तेवीस गावं एका फटक्यात शहर झाली. मी तरी अजून ता. मुळशी लिहिते. आमच्या सोसायटीत दीडशे फ्लॅट. त्यात मूळ सूसचं घर एकही नाही. कोणी लातूरचं, कोणी जळगावचं, कोणी थेट पाटण्याचं. गावच्या जत्रेची रोषणाई आम्हाला गेटमधून दिसते, पण वर्गणी मागायला आमच्याकडे कोणी येत नाही आणि आपण होऊन द्यायला आम्हीही जात नाही. मुळशी हा पैलवानांचा तालुका, जत्रेत कुस्त्या होतात, आम्ही त्या बाल्कनीतून ऐकतो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे, ते ध्यानात असू द्या.

बालेवाडीचं स्टेडियम आमच्यापासून पाच-सहा किलोमीटर. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते संकुल उभं राहिलं, 2008 ला तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. सामना असला की आमच्या गच्चीवरून त्याचे दिवे दिसायचे. मी 2010 ला इथे राहायला आले, तेव्हा आजूबाजूला इमारती कमी होत्या. आता दिवे लागले तरी दिसायचे नाहीत, आणि लागतातही क्वचितच.

तुम्ही मला पहिल्यांदा शाहू स्टेडियमवर नेलंत तेव्हा मी सातेक वर्षांची असेन. दुपारच्या उन्हात पायऱ्या अशा तापायच्या की बूड टेकवत नसे. तुम्ही पेपराची पानं अंथरायचात; एक माझ्याखाली, एक तुमच्याखाली, एक न आलेल्या दोस्तासाठी. हलगी चालू. पुड्यातले शेंगदाणे. आपल्या मागच्या पायरीवर एक तात्या बसायचे, ते पंचाच्या सात पिढ्यांचा असा उद्धार करायचे की तुम्ही दोन्ही हातांनी माझे कान झाकायचात, आणि त्यामुळे तुम्हाला स्वतःला टाळी वाजवता येत नसे. जिंकलो की मिरजकर तिकटीवरून मिरवत घर. हरलो की मागच्या बोळांतून, समोरच्या पेठेतलं कोणी भेटू नये म्हणून. त्या रात्री मामीची आमटी तुम्हाला हमखास खारट लागायची.

मी आठवीत गेले आणि तुम्ही मला न्यायचं बंद केलंत. "आता बरं दिसत न्हाई," एवढंच म्हणालात. मी भांडले नाही. तेव्हा भाच्या भांडत नसत. सामन्याच्या दिवशी मी तुमच्या गच्चीवर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायची आणि आरोळी ऐकायची. महिन्या-दोन महिन्यांत मला नुसत्या आवाजावरून कळू लागलं, गोल आपला की त्यांचा, नुसता कॉर्नर की बार थरथरला. म्हणून परवा मला तुमच्या आधी कळलं, मामा. ती विद्या मी तुमच्याच गच्चीवर शिकलेय.

आता पुण्याचं.

पुणे एफसी 2007 ला निघालं, अशोक पिरामल समूहाचं. दोन वर्षांत खालच्या श्रेणीतून चढून आय-लीगमध्ये आलं. पहिल्याच हंगामात, 2009-10 ला, तिसरा नंबर. 2012-13 ला चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा. देशात दुसरा, मामा! तुमच्या पेठेतल्या टीमला असा नंबर मिळाला असता तर हत्तीवरून साखर वाटली असती. इथे दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सांगितलं तर शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "पुण्याची टीम आहे का?" तो औंधचा होता.

मी जायची. नियमित गेले असं म्हणणार नाही, पण जायची. स्टँडमध्ये काही शे माणसं. त्यात अकादमीतल्या पोरांचे आईबाप, ढोल घेऊन आलेली कॉलेजची पंधरा-वीस पोरं, आणि बाकी हिंजवडीत नोकरी करणारे केरळचे, गोव्याचे, मणिपूर-मिझोरमचे लोक. ज्यांना फुटबॉल कळतं असे. ईस्ट बंगाल किंवा मोहन बागान आले की मात्र मैदान भरायचं. हिंजवडी-वाकडमधले सगळे बंगाली झेंडे घेऊन यायचे, आणि आमच्याच घरात आम्ही पाहुणे व्हायचो. मला त्यांचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा. घरापासून दोन हजार किलोमीटरवर नोकरी, बारा तासांची ड्यूटी, तरी टीम आली म्हटल्यावर माणूस रजा टाकतो. मी मात्र पाच किलोमीटरवरून यायला आभाळ भरून आलंय का ते बघायची.

मग 2014 उजाडलं. इंडियन सुपर लीग आली आणि एफसी पुणे सिटी आली. हृतिक रोशन मालकांपैकी एक. फ्रान्सचा त्रेझगे आला खेळायला; 1998 चा विश्वविजेता, युरो 2000 च्या फायनलमध्ये इटलीवर गोल्डन गोल मारणारा. वय झालं होतं, पळायचा बेताचंच, पण बॉल पायात आला की सगळं स्टेडियम उभं राहायचं. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची. केशरी जर्सी घालून, गालावर रंग लावून तिला मी घेऊन जायची. स्वच्छ खुर्च्या, वापरता येतील असे संडास, आजूबाजूला बायका-मुली. कानावर हात ठेवायची वेळ एकदाही आली नाही. तुम्हाला बोचेल, पण लिहितेच: त्या झगमगाटाला तुम्ही फोनवर "तमाशा" म्हणालात, त्या तमाशात मला कोणी "बरं दिसत नाही" म्हणालं नाही. तीस वर्षांनी मी मैदानात बसून ओरडत होते, आणि शेजारी माझी पोरगी होती.

पण त्याच हंगामाची गंमत बघा. डिसेंबरपर्यंत पुणे सिटी. जानेवारीपासून त्याच मैदानावर पुणे एफसी. आणि त्याच जानेवारीत तिसरी टीम, कल्याणी समूहाची भारत एफसी. शहर एक, मैदान एक, सहा-आठ महिन्यांत टीमा तीन. एकीचा ढोल दुसरीला, दुसरीचं गाणं तिसरीला. ती ढोलवाली पोरं तरी कुणाकुणाची होणार? आणि 2015 लाच तिघींपैकी दोघी बंद. पुणे एफसी गेली, भारत एफसी एका हंगामात गेली. पुढे डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळली, तीही गेली. त्यातला शिवाजियन्स क्लब पुण्याचा जुना, 1987 चा. पण नावापुढे कंपनी लागली की क्लबाचं आयुष्य कंपनीच्या ताळेबंदाला बांधलं जातं. हे पुण्यातच झालं असंही नाही. महिंद्र युनायटेड 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 ला कंपनीने बंद केली. फगवाड्याची जेसीटी, पहिल्या राष्ट्रीय लीगची विजेती, 2011 ला गेली. नुसतं हरून कोणी बंद झालं नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी सही केली.

आता कबुली देते. पुणे एफसीचा शेवटचा घरचा सामना मी बघितला की नाही, मला आठवत नाही. बहुधा नाही. मुलीची परीक्षा असेल, किंवा भुजबळ चौकातली वाहतूक, किंवा रात्री टीव्हीवर इंग्लंडची मॅच असेल. टीम बंद झाल्याची बातमी वाचून मी हळहळले, मोबाइलवर चार ओळी लिहिल्या, आणि चारशे लोकांनी तिथे रडकी तोंडं काढली. त्या चारशेंतले शंभर जरी दर सामन्याला येत असते! म्हणजे टीम वाचली असती असं नाही. मालकाला शंभर माणसांनी काही फरक पडत नसतो. पण निदान आम्हाला रडायचा हक्क तरी राहिला असता.

पुणे सिटीशी मात्र आम्ही मायलेकी इमानाने वागलो. 2018 ला ती उपांत्य फेरीत पोचली. 7 मार्चला बालेवाडीत बेंगळुरूशी 0-0. लेकीचा घसा बसला. 11 तारखेला बेंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल घातले आणि आम्ही 3-1 ने बाहेर. ती रात्री न जेवता झोपली, आणि मला तुमची खारट आमटी आठवली. मनात म्हटलं, चला, पोरगी पेठेतली झाली.

दीड वर्षात सगळं संपलं. ऑगस्ट 2019. मालकांचं आर्थिक गणित बिघडलं, टीम मोडली, लीगमधली जागा हैदराबाद एफसीला गेली, बरेचसे खेळाडूही तिकडे गेले. हैदराबादने 20 मार्च 2022 ला फातोर्ड्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. त्या हंगामात त्या संघात कोण होतं, ठाऊक आहे ना? आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. पोरगा कोल्हापूरचा, शिकला पुण्यात, कप हैदराबादचा. आणि मी इथे सूसमध्ये टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवाव्यात की नाही याचा विचार करतेय!

पुढे ऐका. 2025 ला हैदराबादवाल्यांचीही टीम उठली आणि दिल्लीला गेली. दिल्लीकरांची आधीची टीम 2019 लाच भुवनेश्वरला हलवली होती. मामलेदाराची बदली व्हावी तशी ही टीम फिरते. नव्या गावात नवी पाटी, नवा रंग, आणि जुन्या गावात कपाटात एक जर्सी. आमच्याकडेही आहे. लेकीला ती आता आखूड होते. मी फरशी पुसायला काढली होती, तिने हातातून हिसकावून घेतली.

इंग्लंडात असंच झालं होतं. लंडनचा विम्बल्डन क्लब मालकांनी शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर, मिल्टन कीन्सला हलवायचं ठरवलं आणि 2002 ला त्याला परवानगीही मिळाली. लोकांनी काय केलं? नवा क्लब काढला. विम्बल्डनच्या माळावर जाहीर निवड चाचणी ठेवली, येईल त्याला खेळवून बघितलं, आणि नवव्या पायरीवरच्या लीगपासून सुरुवात केली. आपल्याकडच्या भाषेत जिल्ह्याच्या 'क' गटातून. समर्थकच मालक. नऊ वर्षांत पाच वेळा वर चढून 2011 ला ते पुन्हा मोठ्या लीगमध्ये, आणि 2020 ला आपल्या जुन्या मोहल्ल्यात, नव्या मैदानात. आपलं पुणे सिटी ज्या ऑगस्टमध्ये मोडलं त्याच ऑगस्टमध्ये तिकडे बरी नावाचा क्लब लीगमधून काढून टाकला गेला, 1885 सालचा. तिथल्या लोकांनीही नव्याने मांडामांड केली, आणि 2023 पासून ते खालच्या लीगमध्ये का होईना, आपल्या जुन्या मैदानावर हजारोंच्या गर्दीसमोर खेळतात.

आम्ही पुणेकरांनी तसं का केलं नाही? मला वाटतं, करायला आधी "आम्ही" असावं लागतं. बालेवाडीच्या स्टँडमध्ये माझ्या शेजारी पाच वर्षं जो माणूस बसायचा, त्याचं नाव मला माहीत नाही. तुमच्या मागच्या पायरीवरच्या तात्यांच्या बारशापासून बाराव्यापर्यंतचं तुम्हाला ठाऊक होतं.

तालमीची गोष्ट वेगळी का, तर ती आधी तालीम आहे. कुस्तीचा हौद, मग गणपती, मग शिवजयंती, मग कुणाच्या घरी मयत झालं तर खांदा द्यायला पोरं, आणि या सगळ्याच्या जोडीला फुटबॉलची टीम. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी, कुणीही घ्या. वर्गणी गणपतीची की टीमची हे देणाऱ्याला कळत नाही आणि घेणारा सांगत नाही. हे बंद करायचं तर सही कोण करणार? मालकच नाही. नायजेरियाहून आलेला पोरगा तालमीच्या खोलीत राहतो आणि महिन्याभरात "काय भावा" म्हणायला लागतो, तो काही करारातल्या कलमामुळे नाही. राष्ट्रीय लीगच्या नकाशावर कोल्हापूरचा एक संघ नाही, आणि फायनलला पाय ठेवायला जागा नसते. पुण्यात देशातला दोन नंबरचा संघ होता, आणि खुर्च्या रिकाम्या.

हे झालं तुमचं कौतुक. आता तुमच्याकडचं दुखणं. कारण "पुण्यात टिकत नाही" म्हणणारा माणूस स्वतः घरात बसलाय.

तुम्ही कारणं सांगता ती मला पाठ आहेत. गुडघे. ऊन. पेठेचा पोरगा चार पैसे जास्त मिळाले की पुढच्या हंगामात समोरच्या पेठेकडून नोंदणी करतो, मग आपण ओरडायचं कुणासाठी? हे कारण खरं आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पूर्वी पोराला टीम बदलायची तर घर बदलावं लागलं असतं. आता शेजारी राहूनच तो विरुद्ध खेळतो, आणि सकाळी दूध आणायला गेल्यावर दोघांनी एकमेकांची नजर चुकवायची. पण मामा, त्याचंही पोट आहे. फुटबॉलवर चार महिने पेठ जल्लोष करते, उरलेल्या आठ महिन्यांत त्याला कोणी नोकरी देत नाही. निष्ठा मागायची तर ती फक्त बावीस वर्षांच्या, पगार नसलेल्या पोराकडूनच का मागायची?

खरं कारण तुम्ही सांगत नाही, ते मामीने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी सामना संपता संपता दगड-बाटल्या सुरू झाल्या. तुमच्या पाठीत पाण्याची भरलेली बाटली बसली. ती समोरून आलेली नव्हती. मागून आली, आपल्याच गॅलरीतून, नेम चुकलेली. तुम्ही मागे वळून बघितलंत तर विशीतली पोरं, तोंडं ओळखीची, त्यातल्या एकाच्या वडिलांना तुम्ही कामाला लावलेलं. तो "सॉरी आबा" म्हणाला आणि दुसरी बाटली उचलली. तुम्ही घरी आलात, काही बोलला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मोठा मोबाइल घेऊन आलात.

मला ते कळतं. दगडफेक, मग पोलीस बंदोबस्त, मग बैठका, मग पोरांवर गुन्हे आणि आयांची पोलीस ठाण्यात धावाधाव, हे दर दोन-तीन वर्षांनी होतं. त्या पोरांना वाटतं आपल्याइतकी निष्ठा कुणाचीच नाही. पण त्यांच्या त्या निष्ठेने मैदानातून आधी म्हातारे उठतात, मग पोरंबाळं असलेले, आणि उरतात फक्त बाटल्या फेकणारे. तुम्ही उठलात म्हणजे त्यांची एक जागा वाढली, हे तुमच्या लक्षात आलंय का? मागच्या पायरीवर तात्या होते तोवर पंचाला शिव्या पडायच्या, दगड पडत नव्हते. तात्या शिव्याही देत आणि पोरांच्या कानाखालीही देत. त्यांची जागा कुणी घेतली? तुम्ही घ्यायची होती. तुम्ही यूट्यूब घेतलंत.

जरा जास्त बोलले. पण पुसत नाही.

रिकाम्या मैदानाची एक गोष्ट सांगते. 2022 च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशियाई चषक भारतात झाला, काही सामने बालेवाडीत. 3 फेब्रुवारीला चीन आणि जपानचा उपांत्य सामना झाला, 2-2, मग पेनल्टीवर चीन जिंकलं, आणि पुढे कपही त्यांनीच नेला. आमच्या घरापासून पाच किलोमीटरवर एवढं मोठं फुटबॉल पुन्हा होईल असं मला वाटत नाही. आणि कोरोनामुळे प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. आम्ही मायलेकी गच्चीवर गेलो. दिवे दिसत होते, इमारतींच्या फटीतून, थोडेसे. मी सवयीने कान लावला. आवाज काहीच नाही. एक्स्ट्रा टाइम, पेनल्टी, आणि आवाज नाही. लेक मोबाइलवर बघून सांगत होती, "आई, गोल," आणि मला ते खरंच वाटेना.

त्या दिवसापासून मला तुमच्या खिडकीतला आवाज जास्त हवासा वाटतो. पुण्यात तो विकत मिळत नाही. आमच्याकडे सूस-म्हाळुंग्यात आता जागोजागी टर्फ झालीत, तासाच्या भाड्यावर. जाळी लावलेली, हिरवी, रात्री लखलखणारी. सोसायटीतली पोरं मेस्सीची, मँचेस्टर सिटीची जर्सी घालून जातात, तास संपला की भोंगा वाजतो, बाहेर पुढची दहा पोरं उभी. खेळतात चांगली. पण त्यांचा सामना बघायला कोणी नसतं, आणि तीही कुणाचा सामना बघायला जात नाहीत. पुणे जिल्ह्याची लीग एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावर चालते हे मी चार पोरांना सांगितलं. एकाने विचारलं, "काकू, लिंक आहे का?"

माझी लेक मात्र वेगळी निघाली. कॉलेजच्या टीममधून खेळते, बचावाला. गडहिंग्लज तालुक्यातून आलेल्या अंजू तुरंबेकरने भारतीय फुटबॉल महासंघात प्रशिक्षकांना शिकवण्यापर्यंत मजल मारली, तिचं नाव तिला पाठ आहे. काल मी तिला तुमचा फोनचा किस्सा सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे आजोबांना आवाज ऐकू येतो? खिडकीतून? आणि ते जात नाहीत?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "आपण जाऊ या ना."

तर मामा, आम्ही येतोय. पुढच्या महिन्यात आपल्या तालमीचा मोठा सामना आहे, तारीख तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सकाळच्या गाडीने निघू, दुपारपर्यंत पोचू. आता मैदानात बायका-मुली दिसतात, मी यूट्यूबवर बघते, तेव्हा बरं दिसत नाही हे कारण चालणार नाही. गुडघ्यासाठी खालची पायरी धरू. पेपर मी आणते. मागे कुणी बाटली उचलली तर वळून बघायचं काम तुमचं. त्याच्या बापाला तुम्ही कामाला लावलंय, तेवढा हक्क आहे तुमचा. माझी लेक शिट्टी उत्तम वाजवते, तिला अडवायचं नाही.

मोबाइल घरी ठेवायचा.

तीन तिकिटं काढून ठेवा. आणि काढायच्या आधी मामीला एकदा विचारा. स्टेडियमच्या भिंतीला भिंत लावून तिने पंचेचाळीस वर्षं संसार केला, आणि ती एकदाही आत गेलेली नाही. यायचं म्हणाली तर चार काढा.

तुमची भाची